दिशा ओळखणारे दोन कान

गेममध्ये शत्रूची पावलं डावीकडे वाजली, हे कळतं कसं? तो आवाज उजव्या कानात फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि डोक्याच्या आडोशाने क्षीणही होतो. समोरचा की मागचा, हे बाहेरच्या कानाच्या घड्या सांगतात. हेच बदल सॉफ्टवेअर गणिताने घडवतं. या आभासी ‘सराउंड’ला हेडफोनमधले दोन चांगले स्पीकर पुरतात. म्हणून खोक्यावरच्या ‘७.१ सराउंड’च्या दाव्याला भुलू नका, उत्तम स्टिरिओ हेडफोन निवडा. घरात शांतता असेल तर ओपन-बॅक (मागून उघडे) घ्या, त्यात आवाज मोकळा पसरतो; गोंगाट असेल तर क्लोज्ड-बॅक (मागून बंद). सराउंड गेममध्ये किंवा कॉम्प्युटरवर, एकाच ठिकाणी सुरू करा. दोन्हीकडे केल्यास दिशा पुसट होतात. आवाज बेताचाच ठेवा: कानातल्या नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.