मोबाईलवर चालणारे दिवे घेताय? आधी 'लाईट गेली तर काय' ते विचारा

जुन्नर, प्रतिनिधी : हल्ली कुणी नवीन घर बांधायला काढलं की वायरमन विचारतोच, "भाऊ, मोबाईलवर चालणारी बटणं टाकायची का?" ऑनलाइन तर असल्या बल्बांचा, बटणांचा बाजारच भरलाय. पण शहरातल्या फ्लॅटमध्ये जे चालतं ते आपल्या मळ्यातल्या वस्तीवर चालेलच असं नाही. मी स्वतः एकदा हात पोळून घेतलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची वस्ती मळ्यात आहे. तिन्ही बाजूंनी ऊस आणि घरापासून ऐंशी-नव्वद फुटांवर गोठा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना बिबट्याचं वेगळं सांगायला नको. रात्री घराबाहेर आणि गोठ्याजवळ उजेड ठेवा, असं वन खातं नेहमी सांगतं. आमची आई पहाटे पाचला धार काढायला जाते. म्हणजे गोठ्यातला दिवा हा आमच्याकडं हौसेचा विषय नाही.

दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला, त्यानं वायफायवर चालणारे दोन बल्ब आणले. एक पोरांच्या खोलीत लावला, एक गोठ्यात. गोठ्याच्या बल्बला मोबाईलमध्ये टायमर लावून दिला, संध्याकाळी सातला चालू, सकाळी सातला बंद. आठ दिवस सगळं झकास. मग एका रात्री लाईट गेली आणि तीनच्या सुमारास आली. लाईट येताच पोरांच्या खोलीतला बल्ब आपोआप भक्कन पेटला. पोरं उठली, अख्खं घर उठलं. दुसऱ्या दिवशी मी ॲपमध्ये शोधून काढलं की लाईट परत आल्यावर बल्बनं काय करायचं याची एक सेटिंग असते : चालू व्हायचं, बंद राहायचं, की लाईट जाण्याआधी जसा होता तसा राहायचं. मी दोन्ही बल्बांना 'आधी होता तसा' करून टाकलं आणि स्वतःवर खूश झालो.

चारच दिवसांनी संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली, साडेसातला आली. सातचा टायमर मधल्या मध्ये हुकला. बल्ब साडेसहाला बंद होता, म्हणून लाईट आल्यावरही बंदच राहिला. त्या दिवशी आम्ही लग्नाला गेलेलो, उशिरा येऊन तसेच झोपलो. गोठ्याकडं कुणी पाहिलंच नाही. पहाटे आई गेली तर अंधार. तिनं भिंतीवरचं बटण दोन-तीनदा खालीवर केलं, दिवा लागेना. लागणार कसा? बटण बंद-चालू केलं की बल्बला वाटतं लाईट गेली आणि आली, आणि तो पुन्हा 'आधी होता तसा', म्हणजे बंदच. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली होती. आई मोबाईलच्या उजेडात धार काढून आली आणि मला एवढंच म्हणाली, "तुझा दिवा तुझ्यापाशीच ठेव."

यात बल्बाचा दोष नव्हता. चुकीच्या जागी चुकीची वस्तू लावली होती, आणि विचारायचे प्रश्न मी घेण्याआधी विचारले नव्हते.

पहिला प्रश्न : भिंतीवरचं बटण चालतं का?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, पाहुण्याला, लहान पोराला मोबाईल न घेता दिवा लावता आला पाहिजे. स्मार्ट बल्बची खरी अडचण हीच आहे. त्याचं बटण कायम चालू ठेवावं लागतं आणि आपल्या घरात खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय असते (चांगली सवय आहे ती). बटण बंद झालं की मोबाईलवरून कितीही दाबा, बल्ब मेलेला.

त्यापेक्षा बोर्डाच्या आत, बटणांच्या मागं बसणारं छोटं मॉड्युल बरं. बल्ब साधाच राहतो, बटणं जुनीच राहतात. बटण दाबलं तरी दिवा लागतो, मोबाईलवरून केलं तरी लागतो. बल्ब गेला तर गावातल्या दुकानातून दुसरा आणून लावला की झालं. घेताना एवढी खात्री करा की नेट नसताना, वायफाय नसतानाही भिंतीवरचं बटण चालतं. काही मॉड्युलमध्ये हे आपसूक चालतं, काहींना बटणाची वायर वेगळी जोडावी लागते. वायरमननं ती जोडलीच नाही तर बटण फक्त शोभेला उरतं.

दुसरा प्रश्न : लाईट जाऊन आल्यावर काय?

मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावणाऱ्या माणसाला हे समजावायला नको. ऑटो असला की लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू होते, नसला की बांधावर जावं लागतं. दिव्याचंही तसंच. फक्त कुठल्या दिव्याला काय हवं ते आधी ठरवायचं. झोपायच्या खोलीत 'बंद राहा' ठीक. गोठा, अंगण, जिना इथं लाईट आली की दिवा लागलाच पाहिजे, मग दिवसा थोडा वेळ फुकट जळला तरी चालेल.

दुकानदाराला विचारा की ही सेटिंग प्रत्येक दिव्याला वेगळी करता येते का. आणि टायमर कुठं साठतो? वस्तूच्या आत साठत असेल तर नेट नसलं तरी वेळेवर चालतो. कंपनीच्या सर्व्हरवर साठत असेल तर नेट गेलं की टायमरही गेला. वस्तूच्या आत घड्याळ असलं तरी लाईट गेल्यावर बऱ्याच वस्तूंना वेळ पुन्हा नेटवरूनच घ्यावी लागते, हेही विचारून घ्या.

तिसरा प्रश्न : नेट नसलं तर?

बऱ्याच स्वस्त वस्तूंचं असं असतं की तुम्ही ओसरीत बसून मोबाईलवर बटण दाबता, तो निरोप कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला जातो आणि तिथून परत येऊन तुमच्या डोक्यावरचा दिवा लावतो. मधे फायबरची वायर जेसीबीनं तोडली की सगळं ठप्प. आपल्याकडं रस्त्याची कामं किती चालतात ते तुम्हाला माहीतच आहे.

हे तपासायची सोपी युक्ती : राऊटरला बाहेरून येणारी नेटची वायर काढा, राऊटर चालूच ठेवा. मोबाईलचा डेटा बंद करून फक्त घरच्या वायफायवर या आणि दिवा लावून बघा. लागला तर ती वस्तू घरातल्या घरात चालते. नाही लागला तर ती कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर आहे.

आणि सर्व्हर कायम राहतोच असं नाही. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची कंपनी घरातल्या दिव्यांची अशी यंत्रणा विकायची. एप्रिल २०२२ मध्ये तिनं ग्राहकांना आधी न सांगता सर्व्हर बंद केले. लोकांची ॲप एका दिवसात मुकी झाली. पुढं जूनमध्ये काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केले. एवढी चिकाटी आपल्यात आहे का, ते ज्यानं त्यानं बघावं. त्याच २०२२ साली 'मॅटर' नावाचा एक सामायिक नियम आला. त्यात वस्तू घरातल्या घरात एकमेकींशी बोलतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र चालतात. खोक्यावर ती खूण असेल तर चांगलंच.

राऊटरचं एक आणखी. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर घ्या, नुसता राऊटर नको. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप मिळतो, बहुतेक राऊटर त्यावर चालतात. आपल्या राऊटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट वाचून मगच घ्या.

गोठ्यापर्यंत वायफाय पोचतंय का?

दुकानात सगळं चालतं. आपल्याकडं दगड-मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर पत्रा. पत्र्यातून वायफाय नीट जात नाही. वस्तू विकत घ्यायच्या आधी मोबाईल घेऊन त्या जागी उभे राहा आणि वायफायच्या किती काड्या दिसतात ते बघा. मोबाईललाच रडतखडत मिळत असेल तर मॉड्युलला मिळणार नाही. या वस्तू बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडल्या जातात. नवीन राऊटर ५ गिगाहर्ट्झही देतो आणि मोबाईल त्यावर असला की जोडताना घोळ होतो. निम्मे लोक 'वस्तू खराब निघाली' म्हणून परत पाठवतात ते यानंच.

झिगबी आणि झेड-वेव्ह असे आणखी दोन प्रकार आहेत. त्यांना एक वेगळा हब लागतो, आणि लाईटवर चालणारी प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूला निरोप देते, त्यामुळं मोठ्या घरात ते जास्त भरवशाचं. फक्त परदेशातून कुणी नातेवाईक आणून देत असेल तर जपून. झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी असते, आपल्याकडं ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लागते. अमेरिकेतला काही माल ११०-१२० व्होल्टचा असतो, तो इथल्या २३० वर लावला की धूर निघेल.

बोर्डात न्यूट्रल आहे का?

जुन्या घरांत बटणाच्या बोर्डात फक्त फेज येतो आणि बटणातून पुढं बल्बकडं जातो. न्यूट्रल परस्पर बल्बला गेलेला असतो. मॉड्युलला मात्र स्वतः जागं राहायला न्यूट्रल लागतो. ओळखायची साधी खूण : बोर्डात चार्जरचं सॉकेट असेल आणि ते चालत असेल तर तिथं न्यूट्रल आहेच. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्युल मिळतात, पण ती बल्बमधूनच थोडा करंट ओढून जगतात. मग बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणतो किंवा लुकलुकतो. नवीन घर बांधत असाल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग टाकून घ्या, आज मॉड्युल घ्यायचं नसलं तरी. पुढं भिंत फोडायचा खर्च वाचतो.

जोडताना मॉड्युलनं फेज तोडला पाहिजे, न्यूट्रल नाही. उलटं झालं तर ॲपमध्ये दिवा 'बंद' दिसतो आणि होल्डरमध्ये लाईट असते. म्हणून बल्ब बदलताना ॲपवर विसंबू नका, मेन पाडा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. यूट्यूब बघून बोर्ड खोलू नका.

व्होल्टेज हा आपला जुना दुखणेकरी. उन्हाळ्यात रात्री मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो. कधी डीपीवरचा न्यूट्रल तुटतो आणि मग घरात २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. असल्या नाजूक वस्तू तिथंच जळतात, टीव्ही-फ्रिजही जातात. मेन बोर्डात जादा आणि कमी व्होल्टेजला लाईट तोडणारं संरक्षक उपकरण मिळतं, ते आधी बसवा. मॉड्युलच्या पैशांत ते बसत असेल तर मॉड्युल पुढच्या वर्षी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिव्याच्या मॉड्युलवर मोटार किंवा गिझर जोडू नका. पाण्याच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर वेगळा येतो. बल्ब घेताना बीआयएसचा शिक्का आणि 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो खरा आहे का ते 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तपासता येतं.

बिल किती वाचतं?

विक्रेते हे फार रंगवून सांगतात. हिशेब आपणच करू. ९ वॉटचा एलईडी रोज पाच तास जळला तर महिन्याला सव्वा-दीड युनिट. मॉड्युल स्वतः दिवसरात्र जागं असतं, ते अर्धा वॉट जरी घेत असेल तर महिन्याला साधारण पाव ते अर्धा युनिट तिथंच गेलं. म्हणजे खोलीतल्या बल्बमागं बचत जवळजवळ नाहीच. अंगणातल्या ५० वॉटच्या फ्लडलाईटचं मात्र वेगळं. तो रात्रीचे बारा तास जळला तर महिन्याला १८ युनिट होतात. माणूस किंवा जनावर हललं की लागणाऱ्या सेन्सरवर तो रोज तीन तासच जळला तर साडेचार युनिट. तिथं फरक पडतो.

आता आमच्याकडं काय आहे ते सांगतो. गोठ्याला साधा डे-नाईट सेन्सर लावला, ग्रामपंचायतीच्या खांबावर असतो तसला, काहीशे रुपयांचा. अंधार पडला की दिवा लागतो, उजाडलं की बंद. त्याला नेट लागत नाही, ॲप लागत नाही, आणि रात्री कधीही लाईट आली तरी दिवा आपला आपण पेटतो. फक्त तो बसवताना दिव्याचा उजेड सेन्सरवर पडू देऊ नका, नाहीतर त्याला सकाळ झाली असं वाटतं आणि रात्रभर उघडझाप चालते. सोबत एक चार्जिंगचा बल्ब आहे, लाईट नसताना तीन-चार तास निघतात. अंगणातल्या फ्लडलाईटला हालचालीचा सेन्सर आहे. त्याच्या बाजूला साधं बटणही ठेवलंय, कुत्री भुंकायला लागली की घरातूनच दिवा लावता येतो.

मोबाईलवर फक्त दोन दिवे आहेत, ओसरीचा आणि फाटकाचा, तेही बटणामागच्या मॉड्युलवर. सगळे गावाला गेलो की संध्याकाळी लावतो. त्या ॲपचा पासवर्ड कंपनीनं दिलेला होता तो पहिल्याच दिवशी बदलला आणि दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. पुतण्याच्या मोबाईलवरून ॲप काढायला लावलं. तो पुण्यात बसून गंमत म्हणून फाटकाचा दिवा चालू-बंद करायचा आणि आमचं कुत्रं रात्रभर भुंकायचं.