लग्नाला सहा आठवडे आहेत, तेवढ्यात होईल का?

तुळशीचं लग्न लागलं की कराडच्या माझ्या दवाखान्यात माणसं तारीख घेऊन येऊ लागतात. कुणाचं लग्न, कुणाचा साखरपुडा, कुणाची सैन्यभरती. "मॅडम, सहा आठवडे आहेत, तेवढ्यात चेहरा उजळेल का?" हे बहुतेक वेळा आई विचारते. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत असते.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि मला या घाईची फार काळजी वाटते. कातडीचं कामच सावकाश चालतं. वरच्या थरातली पेशी तळाशी तयार होऊन झडेपर्यंत साधारण महिना जातो आणि वय वाढलं की त्याहून जास्त. मुरमांवरच्या औषधाचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. वांग महिनोन्‌महिने चिवटपणे ठाण मांडून बसतो आणि उन्हात जरा हयगय झाली की परत येतो. आठ दिवसांत गोरं करून दाखवणारी वस्तू समोर आली, तर ती नेमकं काय करते हे आधी विचारायला हवं.

म्हणून मी सांगते, "मावशी, आजवर तोंडाला जे जे लावलंय ते सगळं पिशवीत घालून आणा." पुढच्या खेपेला ती पिशवी माझ्या टेबलावर रिकामी होते. खाजेची ट्यूब, शेजारणीने दिलेली नायट्याची ट्यूब, मेडिकलवाल्याने वांगावर दिलेली ट्यूब. शिवाय पार्लरमधून आणलेली एक पांढरी डबी, जिच्यावर ना नाव, ना घटक, ना मुदत. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी मुलीलाच वाचायला लावते. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन. ही सगळी स्टिरॉइडं.

स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे. इसबावर, सोरायसिसवर, ठरावीक जागी, ठरावीक दिवस मीही ते लिहून देते. पण चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे ते रक्तवाहिन्या आकसवतं, लाली दाबतं, रंगद्रव्य बनण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे पहिल्या आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो आणि तिथेच विश्वास बसतो. काही महिन्यांनी गालांवर लाल शिरांचं जाळं उमटतं, हनुवटीवर लव वाढते, एकसारख्या पुटकुळ्या उठतात, चुलीपुढे बसलं तरी तोंडाची आग होते. क्रीम बंद केली की चेहरा लालबुंद होऊन सुजतो, लावली की शांत होतो. मग ती सुटत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती पिशवीतून निघतातच.

पाटणकडची एक मुलगी दोन वर्षं असं मलम लावत होती. तिने विचारलं, "बंद केलं तर मी आधीपेक्षा काळी होईन का?" मी तिला खरं ते सांगितलं. काही आठवडे चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल, लाल होईल, चुरचुरेल, पण नंतर हळूहळू सावरेल. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं तोंड घेऊन पोरीला मांडवात कशी उभी करू?" त्या बाईचं काय चुकलं होतं? रंगावरून नकार आलेली दोन स्थळं तिने पचवली होती. आम्ही मलमाची ताकद टप्प्याटप्प्याने उतरवली, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि पोटातून गोळ्या सुरू केल्या. मेकअपवालीला ब्लीच, फेशियल, वाफ यातलं काही करू नका म्हणून चिठ्ठी लिहून दिली. लग्नात गाल थोडे लाल होतेच. ते पूर्ण निवायला पुढचं जवळजवळ वर्ष गेलं.

बिननावाच्या डबीची भीती तर वेगळीच. अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली एकच क्रीम लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पारा सापडला. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीची. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, पण तो कातडीतून रक्तात उतरतो. अशी क्रीम वापरणाऱ्याच्या पायावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.

"मग गोरं व्हायचं इंजेक्शन द्या," असं आता सर्रास विचारलं जातं. ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनला आपल्याकडे मान्यता आहे ती यकृताच्या आजारासाठी. रंगासाठी मी ते देत नाही.

लग्न ठरलेल्या मुलींबाबत एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. मोठ्या, खोल मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी दिली जाते. गुणकारी आहे. पण ती चालू असताना किंवा बंद केल्यापासून महिन्याच्या आत दिवस राहिले, तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. हे बोलायचं म्हणून मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगते. आया नाराज होतात, तरी सांगते. दार लागलं की मुली मोकळेपणाने विचारतात आणि बहुतेकींना यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं. गोळ्या चालू असताना लग्न ठरलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.

चेहऱ्यावरचे केस लेझरने काढल्याने मुलीला पुढे मूल व्हायला अडचण येईल का, हे आयांचं दुसरं भय. हे क्ष-किरण नव्हेत. हा प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच जातो आणि केसाच्या मुळातलं काळं रंगद्रव्य तापवतो. म्हणूनच पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा यावं लागतं. केस विरळ होतात, पण कायमचे सगळेच जात नाहीत. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करावी, नाहीतर पैसे वाया जातात.

भरतीची पोरं टॅटू पुसून घ्यायला येतात तीही महिनाभर आधी. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. छातीवर किंवा दंडावर असेल तर पंचाईत. लेझर त्या शाईचे कण फोडतो आणि शरीरातल्या पेशी ते सावकाश उचलून नेतात. दोन बैठकांत सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि बैठका बऱ्याच लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी अडून बसते. एका पोराने घाईत दंडावर गोंदलेल्या नावावर ॲसिड ओतून घेतलं होतं. नाव गेलं, पण तिथे बोटभर जाडीचा व्रण उठला. बाळांनो, भरतीचा विचार असेल तर वर्षभर आधी या.

केसांच्या रोपणातही असंच. लावलेले केस दोन-तीन आठवड्यांत गळतात, तेव्हा मुलं घाबरून फोन करतात. मुळं आत शाबूत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस फुटतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष लागतं. ही शस्त्रक्रिया आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून ती शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे.

म्हणून सुई कोण टोचणार आणि लेझर कोण चालवणार, हे आधीच विचारा. त्वचारोगासाठी एमडी, डीएनबी, डीडीव्ही किंवा डीव्हीडी आणि प्लास्टिक सर्जनसाठी एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी किंवा पदविका असते. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत पाहता येतं. आणि वापरलेल्या औषधाचं नाव बिलावर लिहून मागा. पुढे काही बिघडलं, तर दुसऱ्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतं.