दिवा कधी पेटला, ते आधी सांगा

शहाद्यात गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान आहे. बहुतेक गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात, "मीटरमध्ये दिवा लागलाय." कोणता, ते बोट ठेवून दाखवतात. मला मात्र त्याआधी विचारायचं असतं की तो कधी लागला? चावी फिरवताच, चढावर, वळणावर, की घाट उतरून गाडी सावकाश झाल्यावर? दिव्यावरून नुसती बाजू कळते. बिघाड नेमका कुठे आहे, हे बहुतेक वेळा त्या वेळेवरून कळतं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर हे फारच खरं आहे. एकाच दिवसात गाडी तापीकाठच्या सपाटीवरून निघते आणि चांदसैली घाट चढून धडगावला, नाहीतर साडेअकराशे मीटरवरच्या तोरणमाळला पोचते. सपाटीवर लपलेला दोष घाटात बाहेर येतो.

सुरुवात चावीपासून करा. चावी ऑन करायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन आणि गाडीत असतील तर एबीएस व एअरबॅग, हे सगळे दिवे पेटलेच पाहिजेत. इंजिन सुरू झालं की काही सेकंदांत ते विझतात. न विझणारा दिवा सगळ्यांनाच दिसतो. मला जास्त धास्ती वाटते ती मुळात न पेटणाऱ्या दिव्याची. जुनी गाडी विकताना बल्ब काढून ठेवणारे महाभाग असतात. म्हणून सेकंड हँड गाडी बघताना रंग आणि टायरच्या आधी ही चावीची परीक्षा घ्या.

लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबा, पिवळा म्हणजे चालवता येईल, पण लवकर दाखवा. लाल दिव्यांत सर्वांत महाग पडतो तो तेलाच्या बुधलीचा. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. त्यामुळे तो पेटेपर्यंत बरंच नुकसान सुरू झालेलं असू शकतं. समजा, मे महिन्यात जुनी बोलेरो घाट उतरून खाली आली. फाट्यावर ती उभी असताना बुधली लुकलुकते आणि रेस दिली की विझते. तेल तापून पातळ झालंय, आणि कमी फेऱ्यांवर पंपाला दाब धरवत नाही. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून थोडं थांबा, मग पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघा. तेल कमी असेल तर भरा आणि ते कुठे जातंय ते शोधा. पातळी बरोबर असेल तर ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे दाबाचं गेज लावायचं. दाब नीट आला तर दोष त्या स्वस्त स्विचचा. दाब खरोखरच कमी असेल तर पंप किंवा बेअरिंग झिजलंय, आणि मग काम मोठं आहे. गेज न लावता नुसता स्विच बदलून गाडी परत देणारा मेकॅनिक तुमच्या इंजिनाशी जुगार खेळतो, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरीचा दिवा पेटला की लोक नवी बॅटरी घ्यायला धावतात. तो दिवा खरं तर चार्जिंगचा आहे. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा चौदाच्या जवळ जायला हवा. नाही गेला तर पट्टा, अल्टरनेटर आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघायची. चार्जिंगच्या दिव्याबरोबर टेंपरेचरचा काटाही चढायला लागला तर एक सेकंदही पुढे जाऊ नका. अनेक जुन्या इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, आणि दोन्ही एकदम गेले म्हणजे तो पट्टाच तुटलाय. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उसळतं आणि हात, तोंड भाजतं.

चेक इंजिनचा पिवळा दिवा नवा वाटतो, पण त्याचंही वय झालंय. प्रदूषणाच्या बीएस-फोर निकषातल्या गाड्यांना २०१०च्या एप्रिलपासून ओबीडीची, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून त्याचा कोड साठवणाऱ्या यंत्रणेची, पहिली पायरी आणि २०१३च्या एप्रिलपासून दुसरी सक्तीची झाली. बीएस-फोर मात्र देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०१७ला. त्यामुळे एमएच ३९ पासिंगच्या कितीतरी जुन्या गाड्यांत स्कॅनर लावला तर तो काहीच वाचत नाही. काही जुन्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांत तपासणीच्या सॉकेटमधल्या ठरावीक दोन पिना जोडल्या की दिवाच लुकलुकून आकडा सांगतो. कुठल्या पिना ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात बघूनच जोडायचं. अंदाजाने जोडलं तर कंट्रोल युनिट जळू शकतं.

कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ आला तर अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. फुटलेल्या रबरी नळीतून हवा ओढली जात असेल, फिल्टर तुंबून पेट्रोल कमी पडत असेल, किंवा सेन्सर मळला असेल. नळीला पैसे फारसे लागत नाहीत, सेन्सरला लागतात, म्हणून आधी नळी बघायची. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. बिघाड झाला त्या क्षणाचे वेग, तापमान असे आकडे कोडबरोबर साठवलेले असतात, आणि पुसलं की तेही जातात. चेक इंजिनचा हाच दिवा सारखा लुकलुकू लागला आणि गाडी झटके मारत असेल तर जळण सिलिंडरमध्ये नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं. तेव्हा पाय हलका ठेवा आणि जवळच्या गॅरेजला थांबा.

राहिला ब्रेकचा लाल दिवा. हँडब्रेक सोडूनही तो उतारावर किंवा वळणावर क्षणभर लागत असेल तर बाटलीतलं ब्रेक ऑइल खाली गेलंय. गाडी कलली की तेल एका बाजूला जातं आणि तरंगणारा फ्लोट खाली बसतो. नुसती बाटली भरून दिवा विझवू नका. पॅड झिजले की तेल आपोआप खाली जातं, तेव्हा पॅड बघा. पॅड चांगले असतील तर तेल कुठून तरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल शोधा, मास्टर सिलिंडरच्या मागे, पेडलच्या वरही बघा. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत ती गाडी चांदसैलीच्या वाटेला नेऊ नका.