तरवड माजला म्हणजे जमीन वाया गेली?

पावसाळा सरत आला की पारोळा तालुक्यातल्या मुरमाड माळांवर आणि शेतांच्या बांधांवर तरवड पिवळाधमक फुलतो. 'तरवड माजला म्हणजे जमीन वाया गेली' असं त्याच्याविषयी सर्रास म्हटलं जातं. पण तरवडाने जमीन बिघडत नाही. वीतभर माती, खाली मुरूम आणि वर्षातले बहुतेक महिने कोरडे, अशा जागी तग धरणारी झुडपं मोजकीच, त्यांतला हा एक. बोरी नदीकाठच्या काळ्या जमिनीच्या बांधांवरही तो उगवतो. तो दिसला तर तिथे नांगर फिरलेला नाही, इतकंच समजावं.

घाणेरी आणि पिवळा धोतरा अमेरिकेतून आले. त्यांच्या रांगेत तरवडालाही बसवणं चूक आहे. भारत, श्रीलंका, म्यानमार हे त्याचं मूळ घर. तेलंगणाचं हे राज्यपुष्प, तिथल्या बतुकम्मा सणात त्याला मान. महाराष्ट्रातही नवरात्रात अनेक घरी घटाला तरवडाची माळ चढते.

तरवड आणि तरोटा एकच, असंही अनेकांना वाटतं. तरोटा (टाकळा) एका पावसाळ्याचा, त्याची कोवळी पानं भाजीला. तरवड वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. त्याच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं असतात, ती पाहिली की ओळख पक्की.

'एवढी फुलं म्हणजे भरपूर मध' हाही समज खोटा. तरवडाच्या फुलात मध नसतोच, असतो तो परागच, आणि तोही बंद. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा त्या छिद्रातून पराग उडतो. काही पुंकेसर भुंग्याला खाऊ देतात, लांब पुंकेसर मात्र त्याच्या अंगावर पुढच्या फुलासाठी पराग टाकतात. माळावरचा तो चढा गुणगुणाट ऐकावाच!

गुरं-शेळ्या याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून तो निरुपयोगी ठरवला जातो. पण याच्या सालीतल्या टॅनिनवर दक्षिण हिंदुस्थानात चामडं कमावलं जाई. एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या याचीही पानं खातात. 'ओसाड' माळ हिरवा करण्यासाठी ही झुडपं उपटून वृक्षारोपणाचे खड्डे खणले जातात, तेव्हा या अळ्यांचं अन्न जातं, तितर-सशांचा आडोसाही जातो. याला मी हिरवाई म्हणणार नाही.

फुलांच्या काढ्याने मधुमेह बरा होतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी डॉक्टरांचं औषध थांबवू नये.

बांधावर तरवड हवा असेल तर वाळून तपकिरी, कागदासारख्या झालेल्या शेंगा गोळा कराव्यात. बियांचं कवच टणक असतं. ते हलकं खरवडून बी रात्रभर भिजवावं आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर थेट जमिनीत टोबावं.