किवीच्या रानातले सापळे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. तिथल्या पक्ष्यांना धोका होता तो आकाशातून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा; त्यांच्यापासून वाचायला निश्चल बसून राहणे पुरेसे होते. बाहेरून आलेल्या आणि वासावरून माग काढणाऱ्या उंदीर, पॉसम आणि स्टोटपुढे हा बचाव चालत नाही. मुंगसासारखा लांबट, चपळ स्टोट १८८० च्या दशकात सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मुद्दाम आणला गेला. ससे टिकले, संकट पक्ष्यांवर आले.

त्यामुळे ‘निसर्ग स्वतःच तोल सावरेल’ हा समज इथे टिकत नाही. या शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त नसलेल्या रानात किवी पक्ष्याच्या शंभर पिल्लांपैकी सुमारे ९५ पिल्ले प्रजननाच्या वयाआधीच मरतात. बंदोबस्त असेल तिथे निम्मी किंवा त्याहून अधिक जगतात. पिल्लू किलोभर वजनाचे झाले की स्टोटशी झुंजू शकते. सापळ्यांनी त्याला मिळवून द्यायचे असतात ते तोपर्यंतचे महिने.

‘प्राणी पकडून दूर सोडावा’ हा विचार दयेचा वाटतो, पण त्याने संकट फक्त दुसऱ्या घरट्यापाशी पोहोचते. स्टोट तर किलोमीटरभर समुद्रही पोहून जातो. असे प्राणी पुन्हा रानात सोडणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे पिंजरा सौम्य आणि मारणारा सापळा क्रूर. पायात रुतणाऱ्या जुन्या दातेरी सापळ्यांत प्राणी तासन्‌तास तडफडे. ती क्रूरता खरीच होती. ‘डॉक २००’सारख्या आजच्या सापळ्यात जोरदार स्प्रिंगचा दांडा डोक्या-मानेवर आदळतो. तो लाकडी पेटीत बसवतात आणि पेटीचे तोंड अरुंद ठेवतात, म्हणजे किवी आत शिरत नाही. चाचणीत प्राणी किती वेळात कायमचा बेशुद्ध होतो हे मोजतात. त्यासाठी कमाल मर्यादा तीन मिनिटांची. पिंजऱ्यात मात्र प्राणी थंडी, भूक आणि भीती सोसत राहतो. म्हणूनच जिवंत पकडणारा सापळा रोज सूर्योदयानंतर १२ तासांच्या आत पाहण्याचे बंधन १९९९ च्या प्राणी कल्याण कायद्याने घातले आहे. पाळीव मांजर किंवा वेकासारखा स्थानिक पक्षी अडकण्याची शक्यता असेल तिथे पिंजराच योग्य, कारण चुकून सापडलेला जीव सोडून देता येतो.

एकदा सापळे लावले की काम संपले, असेही नाही. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या रानातले उंदीर आणि स्टोट पुन्हा येतात; आमिषाचे अंडे किंवा मांस शिळे होते, स्प्रिंग गंजते. देशातून हे प्राणी नाहीसे करण्याचे २०१६ मध्ये जाहीर झालेले उद्दिष्ट म्हणूनच २०५० चे आहे. तोवर रानवाटेवरची प्रत्येक पेटी पुन्हा पुन्हा उघडून साफ करावी लागते.