चढावर ऐकू येणारे इंजिन

वाफेच्या इंजिनाचा जो आवाज मराठीत 'झुकझुक' या शब्दाने ओळखला जातो, तो चाकांचा किंवा रुळांचा नसून धुराड्यातून सुटणाऱ्या वाफेचा असतो. सिलिंडरमधला दट्ट्या ढकलून झाल्यावर उरलेली वाफ अरुंद तोंडाच्या नळीतून धुराड्यात जोराने फेकली जाते, त्या झोतासरशी भट्टीत हवा ओढली जाऊन निखारे फुलतात आणि प्रत्येक झोताचा एक ठोका ऐकू येतो. वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काम करत असल्यामुळे दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात, तर 'फ्लाइंग स्कॉट्समन'सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सहा. दार्जिलिंगच्या लहानग्या इंजिनाचे चाक जेमतेम ६६ सेंटिमीटर व्यासाचे असल्याने ताशी १५ किलोमीटर वेगालाही ते सेकंदाला आठ ठोके देते. सुमारे दोन मीटर व्यासाच्या चाकांवर धावणाऱ्या 'फ्लाइंग स्कॉट्समन'चे त्याच वेगाला चारच ठोके पडतात. दोन सिलिंडरच्या इंजिनाच्या एका फेऱ्यातल्या चार ठोक्यांपैकी एखादा लंगडा पडत असेल, तर वाफ सोडणाऱ्या झडपांची जुळणी बिघडली आहे, हेही जाणत्या कानाला कळते.

हा आवाज टिपण्याची खरी जागा डबा किंवा फलाट नव्हे, तर रुळांपासून सुरक्षित अंतरावरचा, कुंपणापलीकडचा चढ होय. डब्यात चाकांची खडखड इंजिनाचा आवाज झाकते आणि फलाटावर इंजिन बहुधा विसावलेले असते. चढावर मात्र चालकाला वाफेचा पुरवठा वाढवावा लागतो आणि ओझे ओढण्याचे कष्ट ठोक्याठोक्यात उमटतात. ध्वनिमुद्रणाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणासाठी, म्हणजे इंजिन समोरून जातानाच्या गर्जनेसाठी आणि अवचित वाजणाऱ्या शिट्टीसाठी, आधीच ठरवून ठेवावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. मायक्रोफोनवर केसाळ आवरण चढवले नाही, तर वाऱ्याची घरघरच ध्वनिफितीत उरते. जवळ येणाऱ्या शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाणारीचा उतरलेला ऐकू येतो, कारण येताना ध्वनिलहरी दाटतात आणि जाताना विरळ होतात. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. गाडी येण्याआधीची पाखरांची किलबिल आणि ती गेल्यावर पुन्हा पसरणारी शांतता कापून टाकणे ही मोठी चूक ठरते, कारण अंतराची जाणीव ऐकणाऱ्याला त्यांच्यामुळेच होते.

या कामाला कलेचा दर्जा दिला तो ब्रिटनच्या पीटर हँडफर्ड (१९१९–२००७) यांनी. 'आउट ऑफ आफ्रिका' या चित्रपटाच्या ध्वनीसाठी सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळवणाऱ्या या ध्वनिमुद्रकाने १९५० च्या दशकापासून 'ट्रान्सॲकॉर्ड' या नावाने वाफेच्या गाड्यांच्या तबकड्या काढल्या. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवर वाफेची शेवटची प्रवासी गाडी धावली आणि त्या तबकड्या दस्तऐवज झाल्या. तेथील वारसा मार्गांवर इंजिने आजही चालतात. नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर ग्रॉस्मॉन्टहून गोथलँडकडे जाताना ४९ फुटांत एक फूट अशी खडी चढण आहे आणि तिथे उत्तम ध्वनिमुद्रण होऊ शकते. परंतु बहुतेक वारसा मार्गांवर वेगाची मर्यादा ताशी २५ मैलांची असते. त्यामुळे इंजिन जपले गेले, तरी पूर्ण ओझे घेऊन रात्रभर धावणाऱ्या मालगाडीचा आवाज जुन्या ध्वनिफितींतच उरला आहे.

महाराष्ट्रात नेरळ–माथेरान मार्गावर १९०७ पासून वाफेची इंजिने चढत होती आणि मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' ही गाडी १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. म्हणजे घरोघरी कॅसेट रेकॉर्डर असण्याच्या काळातही ही इंजिने रुळांवर होती. कोणाच्या कपाटात तेव्हाची अशी एखादी कॅसेट असेल, तर फितीवरचा चुंबकीय थर आणखी खराब होण्याआधी तिची डिजिटल प्रत करून घ्यावी आणि ठिकाण, तारीख व इंजिनाचा क्रमांक जेवढा आठवतो तेवढा वेष्टनावर आजच लिहून ठेवावा.