दंतवैद्य मेजर आणि म्हसवडचं घर

"मिलिटरीत फुकटात दाताचा डॉक्टर होता येतंय म्हणं. आमच्या पोरीचं जमंल का?" औषधाचे पैसे देता देता गिऱ्हाईक थांबतं आणि विचारतं. म्हसवडमध्ये माझं औषधाचं दुकान आहे आणि माझी बायको लष्कराच्या दंतसेवेत मेजर आहे. सातारा जिल्ह्यात घरटी नाही तरी वाडीटी एक फौजी असतोच, त्यामुळं लष्कराची ओढ पोरांना सांगावी लागत नाही. आता ती पोरींनाही लागली आहे. पण काउंटरवर गर्दीत या प्रश्नाचं पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथं लिहितो.

आधी सरळ माहिती. बारावीनंतर लष्कराच्या खर्चानं डॉक्टर व्हायची जी वाट सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे एएफएमसीची. १ मे १९४८ ला सुरू झालेल्या या कॉलेजात एमबीबीएस होतं, शिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि त्या बदल्यात सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. मात्र तिथं बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, नाही. शिवाय प्रवेश घेणारा अविवाहित लागतो आणि शिक्षण संपेपर्यंत त्याला लग्न करता येत नाही. संसार आणि शिक्षण एकत्र ओढायची वेळच तिथं येत नाही.

दाताच्या डॉक्टरची वाट वेगळी आहे. सैनिकांच्या मुलामुलींसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीनं २००१ साली सिकंदराबादला दंत महाविद्यालय काढलं. माझी बायको तिथंच शिकली, कारण तिचे वडील फौजेत होते. पण तिथं फी भरावी लागते, आणि तिथून पास झालं म्हणून कुणी आपोआप अधिकारी होत नाही. बीडीएसची चार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप आपल्या खर्चानं करायची, नीट-एमडीएस परीक्षा द्यायची, मग आर्मी डेंटल कोअरची जाहिरात निघाली की अर्ज करायचा. मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी पार पडली की कॅप्टनच्या हुद्द्यानं शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. ते पाच वर्षांचं असतं, पुढं वाढवून चौदा वर्षांपर्यंत जातं. सुरुवातीच्या काही वर्षांत पुन्हा निवडीला बसून कायम कमिशन मिळवता येतं.

लष्कराच्या पैशानं खरं शिक्षण होतं ते यानंतर. कायम कमिशनवरच्या अधिकाऱ्याची निवड झाली, तर दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे तीन वर्षांचं एमडीएस, नोकरीत राहूनच होतं. पगार चालू, हुद्दा चालू, सेवेची वर्षं चालू. बाहेर खासगी कॉलेजात याच पदवीसाठी लोक जमीन विकतात, हे मी आमच्याच तालुक्यात पाहिलं आहे. बदल्यात पुढची काही वर्षं नोकरी सोडता येत नाही. आणि इथवर पोचेपर्यंत माणसाचं वय लग्नाचं झालेलं असतं, बऱ्याचदा मांडीवर मूलही असतं. आमची मुलगी आईच्या एमडीएसच्या निवडीचा निकाल लागला तेव्हा नुकती चालायला लागली होती.

लष्कराला दाताच्या डॉक्टरची एवढी काय गरज, असंही लोक विचारतात. आर्मी डेंटल कोअर ४ फेब्रुवारी १९४१ ला उभी राहिली, दुसरं महायुद्ध चालू असताना. दाढ ठणकणारा जवान रात्रभर जागा राहतो, जेवत नाही आणि पहाऱ्यावर उभा राहू शकत नाही. उंचावरच्या चौकीवरून त्याला खाली आणायचं तर हवामान साथ देईलच असं नाही. किडलेला दात घेऊन विमानात उंच गेलं की हवेचा दाब बदलतो आणि तो दात असह्य दुखू शकतो. म्हणून दुखायच्या आधीच तपासणी, हे लष्करी दंतवैद्याचं रोजचं काम. जबडा फुटलेल्यांचं काम वेगळंच.

हिचा विषय प्रोस्थोडॉन्टिक्स. लग्नाआधी मला वाटायचं, कवळ्या बसवणं म्हणजे हा विषय. पण स्फोटात किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ज्याचा कान, डोळा, नाक, टाळूचा भाग गेला आहे, त्याला तो अवयव कृत्रिम करून देणं हेही याच विषयात येतं. कान करायचा तर आधी शाबूत कानाचा साचा घेतात, मग त्याच्या उलट्या बाजूचा कान मेणात हातानं कोरतात. घडी, पाळी, कडा सगळं जुळवत बसावं लागतं. मग सिलिकॉनमध्ये त्या माणसाच्या कातडीचा रंग मिसळायचा. उन्हानं रापलेल्या माणसाच्या कातडीचा रंग एक नसतो, त्यात तांबूस, पिवळट, करडा असे थर असतात. एका रविवारी एमडीएससाठी मिळालेल्या पुण्याच्या क्वार्टरमध्ये ही माझाच कान धरून सरावाला मेण कोरत होती आणि मुलगी शेजारी बसून तेच पिठाच्या गोळ्यानं करत होती. हे काम शिकायला तीन वर्षं घराबाहेर काढावी लागली, तर ती काढलीच पाहिजेत, असं मला त्या दिवसापासून मनापासून वाटतं.

आता संसाराबद्दल. आमचं लग्न नात्यातल्या मंडळींनी जमवलेलं. पहिल्या भेटीत पोहे समोर यायच्या आत तिनं विचारलं होतं, "माझं पोस्टिंग कुठंही लागेल. तुमचं दुकान म्हसवडला. तुम्ही येऊ शकणार नाही, मी थांबू शकणार नाही. हे चालेल का, ते आधी सांगा." मी दोन दिवस मागून घेतले. माझा पेच लोकांना चटकन कळत नाही, म्हणून सांगतो. औषधाच्या दुकानाचा परवाना त्या जागेचा असतो आणि विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हावी लागते. दुकान उचलून बायकोमागं श्रीनगर, जोधपूर, तेजपूर करता येत नाही. नवरा-बायको दोघंही फौजेत असतील, तर एका ठिकाणी पोस्टिंग देण्याचा विचार होतो. माझ्यासारख्या बाहेरच्या नवऱ्यासाठी तसं काही नाही.

मी होकार दिला तो वडिलांशी बोलून. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझ्या लहानपणी ते सुट्टीवर यायचे तेव्हा मला आधी त्यांची ट्रंक ओळखू यायची, मग ते. ते जम्मूकडं असताना आईनं शेरडं पाळली, विहिरीचं काम काढलं, आम्हा भावंडांना शिकवलं. १९९७ साली आमच्या गावात चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली, तिथं आईनं स्वतःच्या सहीनं खातं काढलं. म्हणजे एक जण दूर आणि एक जण घरी, हा संसार माणदेशाला नवा नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी पार दक्षिणेपर्यंत गेलेल्या इथल्या माणसांच्या घरीही तेच. फक्त मागं राहणारी नेहमी बाई असायची. वडील म्हणाले, "तुझ्या आईनं केलं, तर तुला करायला काय झालं?" बायको कॅप्टन होती तेव्हापासून ती घरात आली की हवालदार सासरे खुर्चीतून उठतात. तिनं पुष्कळदा विनवलं, "बाबा, बसा ना." ते ऐकत नाहीत. सून म्हणून ती त्यांच्या पाया पडते, ते अधिकारी म्हणून तिला मान देतात, आणि दोघांनाही त्यात अवघड वाटत नाही.

एमडीएसची तीन वर्षं पुण्यात, म्हणजे फॅमिली क्वार्टर मिळालं. लोकांना वाटलं, आता सुखाचं झालं, पुणं काय चार-पाच तासांवर. पण पदव्युत्तर शिक्षणात सकाळी विभागात गेलेलं माणूस संध्याकाळी येतं ते थीसिसचं ओझं घेऊनच. रुग्ण, सेमिनार, प्रयोगशाळेतलं मेणकाम, शोधप्रबंध. अधिकाऱ्याला एरवी वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि वीस दिवसांची किरकोळ रजा असते. अभ्यासक्रमात असताना ती मनाप्रमाणं घेता येत नाही. तुळशीच्या लग्नाला आमच्या सिद्धनाथाचं जोगेश्वरीशी लग्न लागतं आणि देवदिवाळीला रथ निघतो. लग्न झाल्यावरच्या पहिल्या रथाला आम्ही जोडीनं गुलाल-खोबरं उधळलं. एमडीएस सुरू झाल्यापासून रथाचा व्हिडिओ मी फोनवर दाखवतो आणि ती दोन रुग्णांच्या मधल्या वेळात बघते.

मुलीला कुणी सांभाळायचं? लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना दोन मुलांपर्यंत प्रत्येक वेळी १८० दिवसांची पगारी बाळंतपणाची रजा मिळते, आणि सगळ्या सेवाकाळात मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजा. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं हा हक्क महिला जवान आणि नौसैनिकांपर्यंत नेला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण बालसंगोपन रजा अभ्यासक्रमात खर्च केली तर अभ्यास मागं पडतो. आम्ही ती पुढच्या पोस्टिंगसाठी राखून ठेवली आणि आई पुण्याला गेली. जिनं उभा जन्म माणगंगेच्या काठी काढला, ती साठीनंतर छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. नातीला शाळेत सोडते, आणते, सुनेला रात्री गरम भाकरी करून वाढते. म्हसवडच्या घरात वडील आणि मी. लष्करानं पगार दिला, शिकवलं, घर दिलं, यात शंका नाही. पण या पदवीतला आईचा वाटा कुठल्याच कागदावर नाही, आणि मला तो इथं लिहायचाच होता.

मुलींच्या आईबापांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. दंतसेवेच्या भरतीत ३० जागांपैकी २७ पुरुषांसाठी आणि ३ स्त्रियांसाठी ठेवल्या गेल्या होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत नाराजी दाखवली. बीडीएसच्या वर्गांत मुली भरपूर असताना ही वाटणी अन्यायाचीच होती. आणि 'बाईमाणसाला फौज आणि घर दोन्ही झेपणार नाही' म्हणणाऱ्यांना मी माधुरी कानिटकरांचं नाव सांगतो. त्या एएफएमसीच्या विद्यार्थिनी, मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. त्या आणि त्यांचे पती राजीव कानिटकर हे भारतीय सैन्यदलांत लेफ्टनंट जनरल झालेलं पहिलं जोडपं. २०२१ मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

आमची एक मावसबहीण अमेरिकेत असते, तिच्या मुलानं तिथं असाच मार्ग धरला. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानं सुरू झालेली शिष्यवृत्ती आहे. नागरिकत्व असलेल्या विद्यार्थ्याची दंतवैद्यकाची सगळी फी सैन्य भरतं, वर दरमहा भत्ता देतं, आणि जितकी वर्षं पैसे दिले तितकी वर्षं सेवा मागतं, कमीत कमी तीन. तिथं शिकताना लग्न करायला आडकाठी नाही. पण शिकत असताना तो पूर्णवेळ सेवेत धरला जात नाही, त्यामुळं बायकोमुलांना सैन्याचं आरोग्यसंरक्षण मिळत नाही. वर्षातून जे ४५ दिवस प्रत्यक्ष सेवेचे असतात तेवढ्यापुरतं मिळतं. त्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा विम्याचा हप्ता त्यांनी स्वतः भरला. आपल्याकडं उलट आहे. एमडीएस करणारा अधिकारी आधीच सेवेत असतो, म्हणून पुण्यात मुलीला ताप आला की लष्करी इस्पितळात तिच्यावर उपचार होतात. या बाबतीत आपली व्यवस्था मला जास्त माणुसकीची वाटते.

तेव्हा दुकानात विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं, की पोरीला जरूर पाठवा. मात्र करारावर सही करायच्या आधी, लग्न झालं असेल किंवा ठरलं असेल, तर दोघांनी एकत्र बसून तो वाचा. रकमेचा आकडा तर सगळेच वाचतात. त्यातली वर्षं वाचा. त्या वर्षांत मूल कितवीत असेल, म्हाताऱ्यांची वयं काय असतील, कुणाची नोकरी जागेला बांधलेली आहे, फिल्ड पोस्टिंग आलं तर मूल कुणाजवळ राहील, हे वहीत मांडा. आम्ही मांडलं होतं. सगळं तसंच घडलं नाही, पण भांडायची वेळ आली तेव्हा ती वही उघडता आली.

हिची शेवटची परीक्षा आता जवळ आली आहे. त्यानंतर पोस्टिंगची ऑर्डर येईल. पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब नेता येईल असं ठिकाण, मिळालं तर मुलगी आणि आई तिच्याबरोबर जातील. फिल्ड लागलं तर पुण्यातच सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे फिल्डवर गेलेल्यांच्या कुटुंबासाठीच्या घरासाठी, अर्ज करायचा, म्हणजे मुलीची शाळा मोडणार नाही. ही वाट वडिलांनी सांगितली, ते स्वतः तसल्या क्वार्टरसाठी एकदा थांबले होते. त्यावेळी मी पुण्यात मुलीजवळ राहायचं ठरवलं आहे, आईनं म्हसवडला परत यायचं. त्यासाठी दुकानात बसायला फार्मासिस्ट हवा. दहिवडीची एक मुलगी नुकतीच बी.फार्म. झाली आहे, तिच्याशी बोलणं चालू आहे.